आयटीआयमधील कौशल्यमापन आणि त्याची नोंद

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील (आयटीआय) प्रशिक्षणार्थीच्या हातात काम कितपत बसले आहे, हे ठरवण्याची आणि लिहून ठेवण्याची पद्धत. आयटीआयचे अभ्यासक्रम ज्या योजनेखाली चालतात ती शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली आणि १९५६ मध्ये राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद स्थापन झाली. तेव्हापासून देशभर एकाच नमुन्याची व्यवसाय परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची पद्धत रुळली.

मापनाचा पाया म्हणजे ‘जॉब’, म्हणजे प्रशिक्षणार्थीने दिलेल्या मापांनुसार स्वतः घडवायची वस्तू. फिटर (धातूचे भाग घडवून जुळवणारा कारागीर) व्यवसायात मार्किंग (खुणा आखणे), हॅकसॉ (करवतीने कापणे), फायलिंग (फाइलने, म्हणजे कानशीने, घासणे), ड्रिलिंग (भोके पाडणे) या सुरुवातीच्या कामांना ±०.२५ मिमी सूट असते, म्हणजे माप तेवढे कमी-जास्त झाले तरी चालते. पुढे एकमेकांत बसणारे ‘मेल-फीमेल’ जॉब येतात, तेव्हा ती ±०.०४ मिमीवर येते, म्हणजे ०.०२ मिमी लघुतम माप (वाचता येणारे सर्वांत लहान माप) असलेल्या साध्या व्हर्नियरच्या, म्हणजे बारीक मापे घेण्याच्या साधनाच्या, जेमतेम दोन रेघा. ५० मिमीची बाजू ४९.९६ भरली तर चालते, ४९.९४ भरली तर गुण जातात. जास्त राहिलेले घासून कमी करता येते, कमी झालेले वाढवता येत नाही, हे पहिल्याच महिन्यात प्रत्येकाला कळते. काटकोन बघायला शिल्प निदेशक (आयटीआयमधील शिक्षक) ट्राय स्क्वेअर (गुण्या) लावून जॉब उजेडाकडे धरतात. फटीतून प्रकाश दिसला की फाइल पुन्हा हातात.

माप बरोबर आले म्हणजे पूर्ण गुण मिळाले, असे मात्र नाही. वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनात गुणांचे तीन टप्पे आहेत : ६० ते ७५ टक्के, ७५ ते ९० टक्के आणि त्यावर. अचूकता आणि नीटनेटकेपणा यांबरोबर मदत किती लागली, यावरही टप्पा ठरतो. अधूनमधून सांगावे लागले तर खालचा, जवळजवळ काहीच सांगावे लागले नाही तर वरचा. या पद्धतीतला हा सर्वांत शहाणा निकष म्हणावा लागेल, कारण ही गोष्ट तयार जॉबवर दिसत नाही. शेजारी उभे राहूनच कळते. प्रात्यक्षिकात उत्तीर्ण व्हायला ६० टक्के लागतात, लेखी विषयांना ३३ पुरतात.

नोंदींमध्ये केलेले जॉब, प्रात्यक्षिक वही, रोजनिशी, प्रगती तक्ता, हजेरी, तोंडी परीक्षा आणि प्रकल्प हे सगळे येते. पुढची परीक्षा होईपर्यंत हे पुरावे पडताळणीसाठी जपून ठेवावे लागतात. खरी गोची इथेच होते. रोज भरायची वही तपासणीच्या आदल्या दिवशी एका बैठकीत, एकाच पेनाने भरली गेली, तर तिच्यातून कोणाची प्रगती कळणार?

‘पातळी’ या शब्दाने आणखी एक घोळ होतो. २७ डिसेंबर २०१३ रोजी अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात, म्हणजे अभ्यासक्रमांना कौशल्याचे स्तर ठरवून देणाऱ्या चौकटीत, मुळात दहा स्तर होते. पुढच्या फेररचनेत ते आठ झाले आणि मधले अर्धे स्तर (जसे २.५) आले. पण हा स्तर अभ्यासक्रमाचा असतो, विद्यार्थ्याचा नव्हे. ६२ टक्केवाला आणि ९३ टक्केवाला दोघेही प्रमाणपत्रावर एकाच स्तराचे. फरक गुणपत्रिकेत असतो, आणि त्यातही मदतीशिवाय काम किती केले हे वेगळे छापलेले नसते. म्हणून बरेच कारखाने भरतीच्या वेळी कागद पाहून झाल्यावर उमेदवाराच्या हाती व्हर्नियर देतात आणि एक माप वाचायला सांगतात.