गवतातले पातळ तेल चरबीत घट्ट का होते?

हिरव्या गवतातल्या मेदात लिनोलेनिक आम्लाचे प्रमाण सर्वाधिक असते. त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात, म्हणून ते थंडीतही पातळ राहते. तेच गवत खाणाऱ्या गाईची चरबी मात्र घट्ट असते आणि तिच्यात एकही दुहेरी बंध नसलेले स्टिअरिक आम्ल भरपूर सापडते. घोडाही गवतच खातो, पण त्याची चरबी मऊ असते. म्हणजे चारा एकच. बदल होतो तो पोटात, आणि तोही रवंथ करणाऱ्यांच्याच.

१९२८ मध्ये लोण्यात आणि गाईच्या चरबीत व्हॅक्सेनिक हे ट्रान्स आम्ल, म्हणजे दुहेरी बंधापाशी रेणू न वाकणारे, सापडले. ते आले कुठून, हे तेव्हा कळण्यासारखे नव्हते. पुढे १९५१ मध्ये रेमंड रायझर या संशोधकांनी मेंढीच्या कोठीपोटातला (रवंथ करणाऱ्यांच्या पहिल्या, मोठ्या पोटातला) द्रव आणि जवसाचे तेल एकत्र ठेवून पाहिले. जनावराच्या शरीराबाहेरही लिनोलेनिक आम्ल घटले. काम जनावराच्या पेशींचे नसून कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांचे आहे, याचा हा थेट पुरावा होता.

नेमके घडते काय, हे १९६० च्या दशकात उलगडले. हवेचा स्पर्शही न सोसणारे हे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवण्याची रीत रॉबर्ट हंगेट यांनी घालून दिली होती. १९६६ मध्ये केप्लर, टोव्ह आणि सहकाऱ्यांनी ब्युटिरिव्हिब्रिओ फायब्रिसॉल्व्हेन्स या जिवाणूत लिनोलेइक आम्लाचा (दोन दुहेरी बंधांच्या भाऊबंदाचा) प्रवास दाखवला. आधी एक दुहेरी बंध जागा बदलतो आणि सिस-९, ट्रान्स-११ संयुग्मित लिनोलेइक आम्ल (सीएलए) तयार होते. अंक बंधाची जागा सांगतात; सिस बंधापाशी रेणू वाकतो, ट्रान्सपाशी नाही. मग त्यातून व्हॅक्सेनिक आम्ल बनते. स्टिअरिकपर्यंतची शेवटची पायरी बहुधा वेगळेच जिवाणू चढतात. जिवाणू हा उद्योग करतात तरी का? असंपृक्त, म्हणजे दुहेरी बंध असलेली आम्ले त्यांना विषारी असतात, हे आज सर्वाधिक पटणारे उत्तर. दुहेरी बंध हायड्रोजन जोडून मोडतो, म्हणून जास्तीचा हायड्रोजन खपवण्यासाठी, हे जुने उत्तर लंगडे वाटते. या वाटेने हायड्रोजन फारच थोडा जातो.

बराच काळ सगळ्यांची नजर शेवटच्या स्टिअरिकवर होती. मधली आम्ले म्हणजे वाटेतले थांबे, एवढीच त्यांची किंमत. ती बदलली १९८७ मध्ये. भाजलेल्या गोमांसात मायकेल पारिझा यांच्या गटाला उंदरांच्या त्वचेवरील गाठी रोखणारा घटक मिळाला होता. तो सीएलए निघाला.

दुसरा धागा दुधाचा. खुराक बदलला की दुधाला फॅट कमी लागते, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बुसँगो यांनी १८४५ मध्येच नोंदवले होते. कोठीपोटात अ‍ॅसिटेट (दुधाची फॅट बनवण्याचा कच्चा माल) कमी पडते म्हणून असे होते, हे स्पष्टीकरण दीर्घकाळ चालले. भरड चारा कमी आणि धान्य जास्त झाले की जिवाणूंचा मार्ग वळतो आणि ट्रान्स-१० बंध असलेली आम्ले वाढतात, हे नंतर लक्षात आले. २००० मध्ये बॉमगार्ड, बॉमन आणि सहकाऱ्यांनी कोठीपोट टाळून थेट चौथ्या पोटात रोज अवघे १० ग्रॅम ट्रान्स-१०, सिस-१२ सीएलए सोडले. दुधातली फॅट ४० टक्क्यांहून अधिक घसरली. सिस-९, ट्रान्स-११ प्रकाराने तसे काहीच केले नाही. एवढा फरक दुहेरी बंधांच्या जागेने!

त्याच सुमारास ग्रीनारी या संशोधकांच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. दुधातले बहुतेक सिस-९, ट्रान्स-११ सीएलए कोठीपोटातून जसेच्या तसे येत नाही. तिथून निसटलेल्या व्हॅक्सेनिक आम्लात कासेतले एक विकर (एन्झाइम) पुन्हा दुहेरी बंध घालते आणि हे सीएलए कासेतच तयार होते.