लष्कर, ग्वाल्हेर : नकाशे, फोटो आणि लहानपणच्या आठवणींतून

लष्कर हा ग्वाल्हेर शहराचा किल्ल्याच्या दक्षिणेकडचा, सगळ्यात गजबजलेला भाग. ग्वाल्हेर म्हणजे खरंतर तीन वस्त्या जुळून झालेलं शहर आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी जुनं ग्वाल्हेर, पूर्वेला मुरार जिथे इंग्रजांची छावणी होती, आणि हे लष्कर. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास इथे तळ दिला आणि तो तळ परत उठलाच नाही, तंबूंच्या जागी वाडे झाले, वाड्यांच्या मधे गल्ल्या झाल्या आणि नाव मात्र लष्करच राहिलं. आमच्या घरी अजूनही कोणी 'ग्वाल्हेरला राहतो' असं म्हणत नाही, 'लष्करात राहतो' असंच म्हणतात, आणि पुण्याकडच्या पाहुण्यांना दर वेळी वाटतं की घरातलं कोणीतरी मिलिटरीत आहे.

या भागाचा इतिहास राजघराण्याच्या बाजूने भरपूर लिहिला गेलाय. गल्ल्यांचा इतिहास मात्र तीन ठिकाणी विखुरलेला आहे, जुन्या नकाशांत, जुन्या फोटोंत आणि इथे लहानाचे मोठे झालेल्या माणसांच्या डोक्यात. यातलं एकेकटं काहीच पुरत नाही. तिन्ही शेजारी शेजारी ठेवली की एकाची चूक दुसऱ्यात सापडते.

नावांचा नकाशा

लष्करचा सगळ्यात जुना नकाशा कागदावर नाहीच, तो मोहल्ल्यांच्या नावांत आहे, आणि तो वाचायला मराठी यावं लागतं. निंबाळकर की गोठ, महाडिक की गोठ, असे पत्ते आजही पोस्टाच्या पाकिटावर लिहितात. हिंदी शेजाऱ्यांना आणि खरं सांगायचं तर आमच्या पिढीतल्या मराठी मुलांनाही वाटायचं की गोठ म्हणजे गोठा, तिथे कधीकाळी त्या सरदाराच्या म्हशी बांधत असतील. मी स्वतः बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत हेच धरून चालले होते. मूळ शब्द 'गोट' आहे, म्हणजे फौजेतल्या एका सरदाराचा वेगळा तळ, त्याची माणसं, घोडी, तंबू, सगळं मिळून. मराठीत आपण आजही 'आतल्या गोटातली बातमी' म्हणतो तो हाच गोट, फक्त इथे तो नुसता वाक्प्रचार नाही, तिथे जायला रिक्षा मिळते.

कंपूचंही तसंच. कवायती पलटणींच्या तुकडीला मराठ्यांच्या फौजेत कंपू म्हणायचे, शब्द पोर्तुगीजांकडून आलाय, आणि आता मराठीत तो कंपूबाजीपुरता उरलाय. लष्करात कंपू हा अख्खा भाग आहे. जिन्सी म्हणजे तोफखाना आणि त्याचा सरंजाम, त्यावरून जिन्सी नाला. हुजरात म्हणजे खुद्द मालकाची फौज, त्यावरून हुजरात पूल आणि हुजरात कोतवाली. खासगी बाजार म्हणजे जिथलं उत्पन्न राजाच्या खासगीकडे जायचं. शिंदे की छावनी, पाटणकर बाजार, फाळक्यांवरून फालका बाजार, दौलतरावांवरून दौलतगंज, जनकोजीरावांवरून जनकगंज. आणि या सगळ्याच्या मधोमध महाराज बाडा, जो मुळात वाडा आहे, हिंदीच्या तोंडी बाडा झाला.

हे सगळं एका कागदावर मांडलं की शहर एकदम फौजेच्या तळासारखं दिसायला लागतं. १८०९ साली ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी शिंद्यांच्या फिरत्या छावणीबरोबर होता आणि त्याने पत्रांमधून तिचं वर्णन लिहून ठेवलंय. मुक्काम हलायच्या दिवशी बिनीवाला पहाटेच पुढे जायचा, नव्या जागी पांढरं निशाण रोवायचा, तिथे महाराजांचे तंबू लागायचे, मग बाजारांची निशाणं, आणि दर मुक्कामाला प्रत्येक बाजाराची जागा एकमेकांच्या हिशोबाने तीच असायची, दुकानांच्या दोन ओळी आणि मधून समोरपासून मागेपर्यंत एक लांब रस्ता. म्हणजे तळ कुठेही पडला तरी माणसाला आपलं घर आणि आपला वाणी अंधारातही सापडायचा. माझं मत असं की लष्कर हे त्याच सवयीने पडलेलं शेवटचं मुक्कामाचं ठिकाण आहे. बाड्यावरनं निघून सराफ्यातनं चालत गेलं, दोन्ही बाजूंची दुकानं बघितली, की मला तरी दर वेळी ती पत्रं आठवतात.

कागदावरचे नकाशे

किल्ल्याचे नकाशे शहरापेक्षा आधीचे आणि जास्त चांगले आहेत, कारण किल्ला जिंकायचा असतो, गल्ली कोण जिंकणार. ऑगस्ट १७८० मध्ये कॅप्टन पॉपमच्या माणसांनी रात्री दोर आणि शिड्या लावून किल्ला घेतला आणि तेव्हापासून इंग्रजांचं या डोंगरावरचं लक्ष काही हललं नाही. कनिंगहॅमच्या पुरातत्त्व अहवालात किल्ल्याचा आराखडा आहे, दरवाजे, तलाव, देवळं यांच्यासकट. लष्कर मात्र अशा नकाशांत नुसतं एका कोपऱ्यात नाव लिहून सोडलेलं असतं.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या एक इंचाला एक मैल या मापाच्या शीटवर शहर दिसतं. ग्वाल्हेरची शीट ५४ जे मालिकेत येते, शहराचा बहुतेक भाग ५४ जे/४ वर, आणि उत्तरेकडे जरा सरकलात की ५४ जे/३ लागते, त्यामुळे दोन्ही जोडून बघावी लागतात. या मापात किल्ला जेमतेम दोन इंचांचा होतो आणि निंबाळकरांची गोठ म्हणजे काळ्या छटेतला एक ठिपका. गल्ल्या बघायच्या तर नजूलच्या, म्हणजे शहरातल्या सरकारी जमिनीच्या मोजणीच्या शीट लागतात, ज्यात प्रत्येक प्लॉटला नंबर असतो, विहिरी असतात, कुठे भिंत सामाईक आहे तेही असतं. त्या लोकांच्या घरांत जागेच्या भांडणाच्या फायलीत घडी घालून ठेवलेल्या असतात, घडीवर फाटलेल्या, चहाचे डाग पडलेल्या, आणि तरी मला त्या कुठल्याही छापील नकाशापेक्षा मोलाच्या वाटतात.

तारीख नसलेला नकाशा ओळखायला रेल्वे फार कामाला येते. आग्र्याकडून ब्रॉडगेज ग्वाल्हेरला १८८१ मध्ये आली, त्यामुळे रूळच नसतील तर नकाशातली माहिती त्याआधीची. छोटी लाईन, म्हणजे दोन फुटी नॅरोगेज, भिंड आणि शिवपुरीकडे १८९९ मध्ये सुरू झाली आणि श्योपूरपर्यंत १९०९ मध्ये पोचली. बिर्लांची जियाजीराव कॉटन मिल १९२१ ची, तिची आवारं दिसली की त्यानंतरचं धरायचं. एवढ्या खुणांवरही दहा-वीस वर्षांच्या आत येता येतं.

जुना नकाशा आताच्या उपग्रहाच्या फोटोवर बसवायचा असेल तर न हलणारे खिळे लागतात. ग्वाल्हेरला ते आयते मिळतात, किल्ल्यावरचा मानमंदिर महाल, सास-बहूची देवळं, मोहम्मद गौसचा मकबरा, शिंद्यांच्या जयविलास महालाची इमारत. चार-पाच टोकं जुळवली की बाकीचं आपोआप बसतं, आणि जिथे बसत नाही तिथे थांबायचं, कारण तिथेच काहीतरी घडलेलं असतं.

स्वर्णरेखेचं असंच झालं. आमच्या लहानपणी तो गंदा नाला होता, नाक दाबून पूल ओलांडायचा, एवढीच ओळख. आजी म्हणायची तिच्या सासूबाई तिथे कपडे धुवायला जायच्या आणि आम्ही हसायचो. मग जुन्या शीटवर बघितलं तर ती सरळ नदी म्हणून दाखवलेली, शहरातनं वळणं घेत जाणारी, काठाला बागा. जून १८५८ मध्ये झाशीची राणी पडली ती याच बाजूला, घोडा ओढ्याशी अडला अशी गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाला माहीत असते आणि फूलबागेजवळ समाधी आहे. आताच्या सिमेंटच्या चरात कुठला घोडा अडेल असं वाटायचं, नकाशावरचा ओढा बघितल्यावर ते कोडं सुटलं. आजीची मी मनातल्या मनात माफी मागितली.

फोटो

ग्वाल्हेरचे जुने फोटो म्हटलं की लाला दीनदयाळ. ते इंदूरला नोकरी करत असताना फोटोग्राफीकडे वळले आणि मध्य भारतातल्या स्मारकांचे त्यांचे फोटो १८८६ मध्ये लेपेल ग्रिफिन या इंग्रज अधिकाऱ्याच्या ग्रंथात छापले गेले, त्यात ग्वाल्हेर आहे. फोटो अप्रतिमच आहेत, दगडाची जाळीन् जाळी मोजता येते. पण त्या काळचे इंग्रज साहेब आणि संस्थानिक ज्यासाठी पैसे द्यायचे तेच फोटोत आलंय, किल्ला, महाल, देवळं. माणूस असला तर मापासाठी उभा केलेला. गल्ली नाहीच.

याच काळातले किल्ल्यावरचे फोटो बघताना एक लक्षात ठेवावं लागतं. १८५८ पासून १८८६ पर्यंत किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता, मग झाशीच्या बदल्यात शिंद्यांना परत मिळाला. इंग्रजांच्या बराकी फोटोत दिसतात आणि त्याच बराकींत पुढे १८९७ ची सरदार शाळा भरली, जी आता सिंधिया स्कूल आहे.

गल्ली शोधायची तर घरातले फोटो काढावे लागतात, मुंजीचे, लग्नाचे, गणपतीचे. फोटो काढणाऱ्याचं लक्ष माणसांवर असतं आणि इतिहास मागे, माणसांच्या खांद्यावरून डोकावत असतो. आमच्याकडे एका गणपतीचा फोटो आहे, पुढे आम्ही पाच भावंडं टोप्या घालून, आणि मागे वाड्याचा दिंडीदरवाजा, लाकडी खांब, त्याच्या वरची दगडी महिरप आणि कोनाडा. तो दरवाजा आता नाही, तिथे शटर आहे. त्या दरवाजाचा जगात दुसरा फोटो असेल असं मला वाटत नाही आणि तो काढणाऱ्या आमच्या काकांना तर दरवाजा चौकटीत आलाय हे कळलंही नसेल. म्हणून सांगते, फोटो कापून फ्रेममध्ये बसवू नका, कडा ठेवा. आणि मागे पेन्सिलने लिहा, कोण आहे एवढंच नाही, कुठे उभे आहात आणि तोंड कुठल्या दिशेला आहे तेही.

बाड्याचे फोटो भरपूर सापडतात. मधे जयाजीरावांचा पुतळा आणि भोवती वेगवेगळ्या ढंगाच्या इमारती, टाऊन हॉल, पोस्ट, बँक, प्रेस, गोरखीचा दरवाजा. व्हिक्टोरिया मार्केट विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. २०१० च्या जूनमध्ये त्याला आग लागली आणि आत काही उरलं नाही. नंतर इमारत पुन्हा उभी केली आणि आता तिथे भूविज्ञानाचं संग्रहालय आहे. बाहेरून बघितलं तर जुन्या फोटोशी हुबेहूब जुळतं. पण माझी पहिली कंपासपेटी तिथे घेतलेली, आतला तो अंधार, गार फरशी आणि नव्या कागदाचा वास कुठल्याच फोटोत नाही.

आठवणी

आठवणींवर लोक सहज शंका घेतात आणि घ्यावीच. लहानपणी सगळं मोठं वाटतं, अंतर वाढतं, सालं सरमिसळ होतात. मला ठाम आठवायचं की छोट्या लाईनच्या गाडीतनं घोसीपुऱ्याला जाताना किल्ला सगळा वेळ उजवीकडे असायचा आणि भाऊ म्हणायचा डावीकडे. नकाशा काढला तर किल्ला उजवीकडेच. तो बहुतेक येतानाचं बोलत होता. गाडी इतकी हळू की टपावर बसलेली पोरं उतरून परत चढायची. २०२० मध्ये ती कायमची थांबली.

पण आवाज, वास आणि नावं यात आठवण सहसा चुकत नाही. मिलचा भोंगा लष्करापर्यंत ऐकू यायचा आणि घराघरांत त्यावर घड्याळं लावायचे. ढोलीबुवांच्या मठातलं कीर्तन, गल्लीतनं रियाजाचे सूर. हे कुठल्याही शीटवर नसतं.

विचारायची पद्धतही महत्त्वाची आहे. 'जुन्या काळाबद्दल सांगा' म्हटलं की म्हातारी माणसं भाषण देतात, महाराज किती चांगले होते वगैरे. त्याऐवजी 'पाणी कुठनं भरायचात', 'शाळेत कुठल्या रस्त्याने जायचात', 'रात्री कुठे जायची भीती वाटायची' असं विचारलं की बोटाने हवेत नकाशा काढायला लागतात.

आजीने असा एक नकाशा कॅलेंडरच्या मागे काढून दिला होता. उत्तर-दक्षिण काही नाही, मधे आमचा वाडा सगळ्यात मोठा, बाडा एका कोपऱ्यात छोटासा, देऊळ, पिठाची गिरणी, आणि वाड्यापासून 'एका हाकेवर' असं लिहून एक गोल, त्यात विहीर. त्या जागी आम्ही जन्मापासून सिमेंटचा ओटा बघितलेला, त्यावर भाजीवाली बसायची. विहीर दुसऱ्या गल्लीतली असेल, आजी विसरली असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. ती गेल्यानंतर शेजाऱ्यांच्या फायलीतली नजूलची शीट बघायला मिळाली. ओट्याच्या जागी गोल होता, शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं, कुआँ.