मोबाइलवरचा हप्ता आणि शोरूममधला हप्ता
गाडीसाठी कर्ज किंवा लीज घेण्यापूर्वी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गाडी घ्यायची ठरवलेले लोक आमच्याकडे सल्ल्यासाठी येतात तेव्हा त्यांच्याजवळ बहुधा दोन आकडे असतात. एक घरी बसून ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर काढलेला, दुसरा शोरूममध्ये कागदावर लिहून मिळालेला. दुसरा बहुतेकदा मोठा असतो, आणि मग पहिला प्रश्न येतो, "डीलर फसवतोय का?" क्वचित तसेही असते. पण पुष्कळदा दोन्ही गणिते बरोबर असतात. फक्त कॅल्क्युलेटरने एक गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवलेले असते आणि डीलरसमोर भलतेच बसलेले असते. आमचे निम्मे काम हे दोन कागद एका मापाने मोजण्याचे आहे, आणि ते तुम्हाला घरीही करता येईल.

पुढचे सगळे आकडे हिशेब समजावण्यासाठी घेतले आहेत. चलन कोणतेही धरा, प्रमाण तेच राहते.

कॅल्क्युलेटरने न विचारता धरलेल्या गोष्टी

कॅल्क्युलेटर उघडला की रकाने आधीच भरलेले दिसतात. त्यातला व्याजदर बहुधा सर्वांत कमी असतो, म्हणजे ज्याची परतफेड आजवर चोख आहे आणि उत्पन्न स्थिर आहे त्याला मिळणारा. तुमचा दर अर्जाची छाननी झाल्यावरच ठरतो. किंमत गाडीची मूळ असते; कर, नोंदणी, विमा, प्रोसेसिंग फी यांचा पत्ता नसतो. डाउन पेमेंटही त्यानेच ठरवलेले असते. तुमच्या खिशात तेवढे नसेल तर पुढचे सगळे गणित वाया.

म्हणून आम्ही उलटीकडून जातो. डीलरच्या कागदावरची कर्जाची रक्कम आणि मुदत कॅल्क्युलेटरमध्ये टाका, आणि त्याने सांगितलेला हप्ता येईपर्यंत व्याजदर वरखाली करत राहा. जिथे हप्ता जुळेल तो त्या कोटेशनचा खरा दर. कागदावर काय छापले आहे ते नंतर बघा.

असे केल्यावर सर्वांत जास्त धक्का फ्लॅट रेटचा बसतो. समजा १० लाखांचे कर्ज, ६० महिने. ऑनलाइन ९ टक्के दिसले, डीलर म्हणाला ६ टक्के. कोणालाही ६ स्वस्त वाटेल. पण ते ६ टक्के फ्लॅट असतील तर व्याज पाचही वर्षे पूर्ण १० लाखांवर लागते. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, व्याज मात्र जणू एक पैसाही फेडला नाही असे धरून आकारले जाते. व्याज ३ लाख, हप्ता २१,६६७. घटत्या शिलकीवरच्या, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच लागणाऱ्या, ९ टक्क्यांचा हप्ता येतो २०,७५८. वरच्या युक्तीने २१,६६७ चा खरा दर काढला तर तो १०.८५ टक्क्यांच्या आसपास निघतो. सहा म्हणून सांगितलेला दर नवापेक्षा महाग ठरतो, आणि पाच वर्षांत सुमारे ५४,५०० जास्त जातात.

आणखी एक बारीक गोष्ट. पहिला हप्ता आगाऊ घेतला तर तेवढी रक्कम तुमच्या हातात कधी आलेलीच नसते, तरी व्याजाच्या हिशेबात ती धरलेली असते. वरच्याच ९ टक्क्यांच्या कर्जात २०,७५८ चा हप्ता तसाच ठेवून एक हप्ता आगाऊ घेतला की खरा दर ९.३ टक्क्यांवर जातो. हप्त्याचा आकडा बदलत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

हप्ता कमी करून देतो, असे म्हटले की

"महिन्याला किती परवडेल?" हा प्रश्न शोरूममध्ये लवकर येतो. आमचा सल्ला असा की गाडीची किंमत ठरेपर्यंत त्याचे उत्तर देऊ नका. एकदा १६ हजार म्हटले की समोरचा माणूस १६ हजारांत बसणारा कागद तयार करतो, आणि तो कसा बसवला हे तुम्हाला शोधत बसावे लागते.

सरळ मार्ग म्हणजे मुदत वाढवणे. तेच १० लाख ९ टक्क्यांनी ६० ऐवजी ८४ महिन्यांवर नेले की हप्ता २०,७५८ वरून १६,०८९ वर येतो. एकूण व्याज मात्र सुमारे २,४५,५०० वरून ३,५१,५०० होते. दुसरा मार्ग बलून हप्त्याचा: मोठी रक्कम शेवटी ठेवायची. शेवटी ३ लाख ठेवले तर पाच वर्षांचा हप्ता १६,७८१ होतो, पण ते ३ लाख शेवटी उभे करावे लागतात आणि एकूण खर्च साध्या कर्जापेक्षा ६१ हजारांनी वाढतो.

तिसरा मार्ग उलटा आहे, हप्ता हळूच वाढवण्याचा. अ‍ॅक्सेसरीज, वाढीव वॉरंटी, लेपन असे ४० हजारांचे सामान कर्जात घातले की "फक्त ८३० वाढतील" असे ऐकू येते. साठ महिन्यांनी ते ४९,८०० होतात. वस्तू हवीच असेल तर घ्या, पण तिची किंमत वेगळ्या ओळीत लिहून मागा. जुनी गाडी देणार असाल तर तिचा भावही वेगळ्या ओळीत. नाही तर नव्या गाडीवरची सवलत जुन्या गाडीच्या भावातून कापून घेतली जाते आणि दोन्हीकडे तुम्ही खूश.

शून्य टक्क्यांची योजना ही नेहमीच भूलथाप नसते. गाडी बनवणाऱ्या कंपन्यांच्या स्वतःच्या वित्तसंस्था असतात आणि विक्री वाढवण्यासाठी कंपनी व्याजाचा भार खरोखर उचलते. तेव्हा डीलरचे कोटेशन ऑनलाइन अंदाजापेक्षा स्वस्त निघू शकते. मात्र शून्य टक्के घेतले की रोख सवलत सोडावी लागते का, हे विचारा. १० लाखांवर शून्य टक्के, ३६ महिने, म्हणजे हप्ता २७,७७८. तेवढ्याच हप्त्यात ९ टक्क्यांनी सुमारे ८,७३,५०० चे कर्ज फिटते. म्हणजे सोडावी लागणारी सवलत १,२६,५०० पेक्षा कमी असेल तर शून्य टक्के घ्या, जास्त असेल तर सवलत.

डीलर मध्यस्थही असतो. कर्ज देणारी संस्था त्याला एक दर कळवते आणि पुष्कळदा त्यावर थोडे चढवून तो तुम्हाला सांगण्याची त्याला मुभा असते. वरचा हिस्सा त्याची कमाई. त्यात बेकायदा काही असेलच असे नाही, पण तो दर घासाघीस करण्याजोगा असतो. हातात दुसऱ्या संस्थेची लेखी पूर्वमंजुरी असली की तो खाली येतो. मोबाइलचा स्क्रीनशॉट दाखवून सहसा येत नाही.

लीजचे गणित

लीज म्हणजे गाडी विकत न घेता ठरावीक मुदतीसाठी भाड्याने वापरायला घेणे. तिचे कोटेशन लोकांना गूढ वाटते, पण त्यात दोनच भाग असतात. गाडी वापरून तिची जी किंमत तुम्ही खाल्ली ती घसारा, आणि तोवर कंपनीचे पैसे गाडीत अडकले त्याचे भाडे.

१० लाखांची गाडी, ३६ महिने, मुदतीनंतरची किंमत म्हणजे शेषमूल्य ५.५ लाख. घसारा ४.५ लाख, महिन्याला १२,५००. भाड्यासाठी मनी फॅक्टर नावाचा छोटासा दशांश वापरतात: १० लाख आणि ५.५ लाख यांची बेरीज गुणिले ०.००३७५, म्हणजे ५,८१२. एकूण १८,३१२. मनी फॅक्टरला २४०० ने गुणले की ओळखीचा वार्षिक दर मिळतो. इथे ९ टक्के. २४०० कुठून आले? वर्षाचे १२ महिने, टक्क्यांसाठी १००, आणि अडकलेल्या पैशांची सरासरी म्हणजे त्या बेरजेच्या निम्मे, म्हणून आणखी २. सगळे गुणा.

०.००३७५ च्या जागी ०.००४२५ लिहिले तर डोळ्यांना काही जाणवत नाही. तो १०.२ टक्के दर असतो आणि महिन्याला ७७५ जास्त जातात, म्हणजे पूर्ण मुदतीत २७,९००. दुसरीकडे शेषमूल्य ५.५ ऐवजी ५ लाख धरले तर हप्ता १९,५१४ होतो. ऑनलाइन अंदाज आणि डीलरचा कागद यांतला फरक बहुधा या दोन जागी सापडतो, आणि जाहिरातीच्या पानावर या दोन्ही गोष्टी सहसा लिहिलेल्या नसतात.

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत १५,४७५ दिसले तर बारीक अक्षरांत सुरुवातीला ९० हजार भरायचे असतात. तेच लीज आहे, फक्त ९० हजार पुढे काढून घेतले. या आगाऊ रकमेने व्याजात पूर्ण मुदतीत १२ हजारांच्या आसपास वाचतात. पण गाडी दोन महिन्यांत चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण मोडली तर विम्याचे पैसे आधी लीज कंपनीची बाकी फेडायला जातात आणि तुमचे ९० हजार परत येतीलच याची खात्री नसते. लीजमध्ये सुरुवातीला शक्य तितके कमी भरा, असे आम्ही सांगतो, हप्ता मोठा दिसला तरी.

किलोमीटरची मर्यादा तपासा. वर्षाला १५ हजारांची मर्यादा आणि तुमची धाव २० हजार, तर तीन वर्षांत १५ हजार किलोमीटर जास्त. जादा किलोमीटरला ६ आकारणी असेल तर शेवटी ९० हजारांचे बिल, म्हणजे न दिसलेला महिना २,५०० चा हप्ता. गाडी परत करतानाचे शुल्क, झीज आणि ओरखड्यांची आकारणी, मुदतीआधी सोडल्यास दंड, हेही करारात वाचा.

आमच्याकडे येताना

आम्ही ठरलेली फी ग्राहकाकडून घेतो. डीलर किंवा वित्तसंस्थेकडून काही घेत नाही. शोरूममधून गाडीची किंमत, कर्जाची नेमकी रक्कम, दर फ्लॅट की घटत्या शिलकीवर, सर्व शुल्के, मुदतपूर्व परतफेडीची अट, आणि लीज असेल तर शेषमूल्य व मनी फॅक्टर हे सगळे लेखी घ्या. "सिस्टिममधून निघत नाही" असे उत्तर मिळाले तर हाताने लिहून मागा. कागद सही करण्यापूर्वी आणा. आणि कॅल्क्युलेटरचा स्क्रीनशॉट काढताना भरलेले सगळे रकाने दिसू द्या; नुसत्या हप्त्याच्या चित्रावरून आम्हाला काहीच सांगता येत नाही.