थिसिस जमा करण्याआधीचा प्लेजरिझम चेक: कोणाला लागतो, कागदपत्रं काय, रिपोर्ट कसा वाचायचा

मी मुंबईत एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. आमच्याकडे पीएचडीचं रिसर्च सेंटर आहे, त्यामुळे थिसिसचा प्लेजरिझम चेक, म्हणजे त्यातला मजकूर आधीच्या लिखाणाशी किती टक्के जुळतो याची सॉफ्टवेअरवरची तपासणी, माझ्याच टेबलवर होतो. सबमिशनचे दिवस आले की फोन सुरू होतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं, मॅडम, किती टक्के आले हो? तोपर्यंत काहींचा थिसिस बाइंडिंगवाल्याकडे पोचलेला असतो, कव्हरवर सोनेरी अक्षरात नाव छापून झालेलं असतं, आणि मग रिपोर्टमध्ये काही निघालं की पाच-सहा वर्षं घासलेल्या माणसाचा चेहरा बघवत नाही. हे सगळं दोन-तीन महिने आधी माहीत असतं तर बरंच टळलं असतं, म्हणून एकदा सविस्तर लिहितेय.

कोणाला लागतो

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जुलै २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य (प्लेजरिझम) रोखण्यासाठीचे नियम काढले आणि ते देशभर चालतात, मग तुम्ही मुंबई विद्यापीठात रजिस्टर असा, एसएनडीटीत असा नाहीतर देवनारला टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस). त्यात पीएचडीचा थिसिस येतो, मास्टर्सचं डिझर्टेशन येतं, छापायला दिलेला रिसर्च पेपर, पुस्तकातलं एखादं प्रकरण, अख्खं पुस्तक हेही येतं, आणि विद्यार्थ्यांइतकेच हे नियम शिक्षकांनाही लागू आहेत. असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट, कोर्सवर्कमधले निबंध, उत्तरपत्रिका हे मात्र त्यात धरलेले नाहीत. एमकॉमची मुलं प्रोजेक्टची फाइल छातीशी धरून घाबरत येतात, मॅडम आमचं रजिस्ट्रेशन कॅन्सल होईल का म्हणून, तर नाही होणार, पण कॉलेजने स्वतःचा काही नियम केला असेल तर तो पाळावाच लागतो, तेवढं आपल्या विभागात विचारून घ्या.

कधी करायचा आणि कोणाकडून

पीएचडीचा क्रम असा असतो की लिखाण पूर्ण झालं की रिसर्च अॅडव्हायझरी कमिटीसमोर प्री-सबमिशन प्रेझेंटेशन होतं, तिथे सुचवलेल्या दुरुस्त्या करायच्या, आणि त्यानंतर जी फायनल फाइल तयार होते तिचा ऑफिशियल चेक होतो. हे सगळं प्रिंट काढायच्या आधी. बाइंडिंग तर सगळ्यात शेवटी.

सॉफ्टवेअरचं लॉगिन सहसा विद्यार्थ्याच्या हातात नसतं, ते गाइडच्या किंवा लायब्ररीच्या नावावर असतं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने, म्हणजे विद्यापीठांच्या लायब्ररींना जोडणाऱ्या यूजीसीच्या केंद्राने, २०१९ मध्ये शोधशुद्धी नावाची योजना सुरू केली, तिच्यातून विद्यापीठांना हे सॉफ्टवेअर मिळतं, आधी उरकुंड होतं, नंतर ड्रिलबिट आलं. काही संस्था स्वतःच्या खर्चाने टर्नइटिन घेतात. नियमात शब्द असे आहेत की संस्थेने मान्य केलेल्या टूलवर तपासणी झालेली हवी, म्हणजे बाहेरून काढून आणलेला रिपोर्ट कितीही छान दिसला तरी ऑफिशियल कामाला उपयोगाचा नाही.

आणि बाहेरून काढायला जाऊ पण नका, हे मी हात जोडून सांगते. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांवर बोर्ड असतात, इथे प्लेजरिझम रिपोर्ट मिळेल. आमच्या एका विद्यार्थ्याने अशाच एका दुकानात पैसे देऊन अख्खा थिसिस पेनड्राइव्हवरून दिला, त्यांनी कोणाच्या तरी अकाउंटवरून तो अपलोड केला आणि करताना फाइल डेटाबेसमध्ये साठवायचा ऑप्शन तसाच चालू ठेवला. महिन्याभराने आम्ही ऑफिशियल चेक लावला तर जवळजवळ पूर्ण थिसिस लाल. जुळलेला सोर्स एकच, कुठल्याशा अनोळखी संस्थेत जमा झालेला पेपर, जो त्याचाच होता. ते सिद्ध करायला गाइडची पत्रं, जुन्या ड्राफ्टच्या तारखा, ईमेल असं सगळं गोळा करता करता त्याची सबमिशनची तारीख गेली. तुमच्या गाइडने ड्राफ्ट तपासायला घेतला तरी टर्नइटिनमध्ये नो रिपॉझिटरी, म्हणजे फाइल डेटाबेसमध्ये न साठवायचा ऑप्शन, निवडलाय ना हे नम्रपणे विचारा, त्यात उद्धटपणा काही नाही.

अर्जासोबत काय लागतं

प्रत्येक सेंटरचा फॉर्म थोडा वेगळा असतो पण मागतात ते साधारण हेच: पीएचडी रजिस्ट्रेशनच्या पत्राची कॉपी, विषय किंवा टायटल मंजूर झाल्याचं पत्र, गाइडची सही असलेली विनंती, थिसिसची सॉफ्ट कॉपी, आणि फी असेल तर तिची पावती. फॉर्मवर तुमचं नाव रजिस्ट्रेशनवर आहे तसंच लिहा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं इथे नेहमी अडतं, रजिस्ट्रेशन माहेरच्या नावावर, फॉर्म सासरच्या आणि थिसिसच्या पहिल्या पानावर तिसरंच कॉम्बिनेशन. टायटलमध्येही मंजुरीपत्रात आहे त्यापेक्षा एक शब्दही इकडचा तिकडे नको, कारण रिपोर्टवर जे टायटल छापून येतं तेच पुढे थिसिस विभागात ताडून बघतात.

थिसिस जमा करताना आणखी दोन कागद लागतात. एक तुमचं हमीपत्र, की हे काम माझं स्वतःचं आहे, यात वाङ्मयचौर्य नाही आणि संस्थेने मान्य केलेल्या टूलवर ते तपासलंय. दुसरं गाइडचं सर्टिफिकेट, की माझ्या मार्गदर्शनाखाली झालेल्या या कामात वाङ्मयचौर्य नाही. गाइडने सही केली म्हणजे त्यांनी स्वतःचं नाव पणाला लावलंय, तेव्हा आदल्या संध्याकाळी सर प्लीज आज सही द्या करत त्यांच्या केबिनबाहेर उभं राहणं बरं नाही, त्यांना रिपोर्ट वाचायला आठवडाभर तरी द्या. आणि कॅलेंडर बघून ठेवा. गणपतीत, दिवाळीत लायब्ररीत माणूस नसतो. कलिन्याला विद्यानगरीत काम असेल तर सांताक्रूझ किंवा कुर्ल्याहून एवढं आत जाऊन, संबंधित मॅडम रजेवर आहेत हे ऐकून परत यायची वेळ येऊ नये म्हणून आधी फोन करा.

मराठीत थिसिस असेल तर हे नक्की वाचा

गेल्या वर्षी कर्जतहून एक ताई आल्या, संतसाहित्यावर काम, नोकरी सांभाळून केलेलं, थिसिस एका डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीत टाइप करून घेतलेला. रिपोर्ट आला २ टक्के. त्या इतक्या खूश झाल्या की पर्समधून पेढे काढले. मला मात्र पटेना, कारण पानापानावर अभंग होते आणि सॉफ्टवेअरला एकही अभंग कुठे जुळला नाही असं कसं होईल. मी पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट केला तर समोर नुसती इंग्रजी अक्षरं, चिन्हं, आकडे, मराठीचा एक शब्द नाही. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आपल्याला पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात भलतीच अक्षरं असतात आणि सॉफ्टवेअर ती अक्षरं वाचतं. म्हणजे त्या थिसिसची तपासणी झालीच नव्हती.

आम्ही सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे फाइलच्या पोटातही खरी मराठी अक्षरं राहतात त्या पद्धतीत, कन्व्हर्ट केलं, जोडाक्षरं तुटली होती ती त्यांनी आठ दिवस बसून हाताने नीट केली, आणि परत चेक लावला तर ३१ टक्के. ताई रडायलाच लागल्या. मग आम्ही दोघींनी शेजारी बसून रिपोर्ट उघडला तर रंगलेला बहुतेक भाग अभंगांचाच, त्यांना अवतरणचिन्हं नव्हती आणि खाली संदर्भही नव्हता. अवतरणं घातली, गाथेच्या प्रतीचा पान नंबर दिला, दोन जागी एका समीक्षकाची वाक्यं जशीच्या तशी आली होती ती त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहून त्याचं नाव दिलं, आणि आकडा ९ वर आला. तो खरा ९. तुमची फाइल अशी आहे का हे बघायला नोटपॅडची ही युक्ती आजच करून बघा, दोन मिनिटं लागतात. स्कॅन करून चिकटवलेली पानं पण सॉफ्टवेअरसाठी नुसतं चित्र असतं, तीही टाइप केलेली हवीत.

टक्के आणि त्यांचा अर्थ

१० टक्क्यांपर्यंत किरकोळ साम्य, कारवाई नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ६ महिन्यांत, सुधारून परत द्यायचं. ४० च्या वर ६० पर्यंत असेल तर वर्षभर सुधारित प्रतसुद्धा जमा करता येत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. शिक्षकांच्या पेपरमध्ये सापडलं तर पेपर मागे घ्यायचा, आणि वरच्या दोन पायऱ्यांवर त्यासोबत इन्क्रिमेंट जातं आणि नवीन विद्यार्थी घ्यायला काही वर्षं बंदी येते. डिग्री मिळाल्यावर उघडकीला आलं तरी डिग्री स्थगित होऊ शकते.

एक गैरसमज फार आहे. टर्नइटिनमध्ये २४ टक्क्यांपर्यंत हिरवा रंग दिसतो, त्यामुळे २२ टक्के आलेला विद्यार्थी मॅडम ग्रीन आहे म्हणून निघून जातो. तो रंग कंपनीचा आहे, यूजीसीची रेघ १० ला आहे.

मोजताना काय वगळायचं तेही नियमात आहे: योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, सर्वसाधारण संज्ञा, कायद्यांचा मजकूर, प्रमाणित चिन्हं आणि समीकरणं, शिवाय योगायोगाने सलग १४ शब्दांपर्यंत जुळलेला मजकूर. लॉ आणि कॉमर्सवाल्यांनी हे फिल्टर लावलेत का ते आवर्जून बघावं, कारण कलमं उद्धृत केली की आकडा उगाच फुगतो. उलट सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी या भागांत साम्य नसावं अशीच अपेक्षा आहे. म्हणून रिपोर्ट हातात आला की पहिल्या पानावरचा आकडा बघून पान मिटू नका, शेवटच्या प्रकरणापासून उलटं वाचत या, एकूण ७ टक्के असले आणि त्यातले ३ निष्कर्षात असले तर काळजीचं आहे.

स्वतःचाच छापलेला पेपर जुळला तर? यूजीसीने एप्रिल २०२० मध्ये स्वतःच्या लिखाणाचा पुनर्वापर याबद्दल वेगळी सूचना काढली होती, संदर्भ न देता स्वतःचं जुनं लिखाण परत वापरणंही चालत नाही. तेव्हा त्या प्रकरणाच्या सुरुवातीला, हा भाग अमुक जर्नलमध्ये आधी आलाय असं स्पष्ट लिहा, सूचीत तो पेपर टाका आणि गाइडचं तसं पत्र रिपोर्टला जोडा.

आकडा जास्त आला तर

शब्द बदलून देणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नका. २०२१ मध्ये संशोधकांनी छापील पेपरमधून असे विचित्र शब्दप्रयोग शोधून काढले, आर्टिफिशियल इंटेलिजन्सच्या जागी काउंटरफिट कॉन्शसनेस असलं काहीतरी, तिथूनच ते पेपर पकडले गेले. मराठीत आमच्याकडे एका थिसिसमध्ये बचत गटाचं काटकसर टोळी झालेलं मी डोळ्यांनी बघितलंय. वाचणाऱ्या परीक्षकाला ते पहिल्या पानावर कळतं. इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद मराठीत भाषांतर करून नाव न देता घालणं हेही वाङ्मयचौर्यच आहे, सॉफ्टवेअरला सापडो न सापडो.

काम करायची माझी साधी पद्धत सांगते. जुळलेला परिच्छेद परत एकदा वाचायचा, मूळ पुस्तक मिटायचं, बाजूला बसलेल्या मैत्रिणीला तो मुद्दा तोंडी सांगायचा, सांगितलं ते लिहून काढायचं आणि खाली लेखकाचं नाव, वर्ष, पान. तोंडी सांगता आलं नाही तर तो मुद्दा अजून आपल्याला कळलेला नाही, मग आधी वाचन.

तक्रार झाली तरी एकदम शिक्षा होत नाही. आधी विभागाची समिती बघते, तिने ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, मग संस्थेची समिती, तिलाही ४५ दिवस. तुमची बाजू मांडायची पुरेशी संधी देणं नियमानेच बंधनकारक आहे, त्यामुळे जुने ड्राफ्ट, फील्डवर्कच्या वह्या, गाइडशी झालेले ईमेल डिग्री हातात आल्यावरही फेकू नका.

व्हायवा झाल्यावर थिसिसची सॉफ्ट कॉपी इन्फ्लिबनेटच्या शोधगंगा या थिसिसच्या ऑनलाइन साठ्यावर जाते आणि कोणालाही उघडून वाचता येते. तिथे जाणारी फाइल, बाइंड केलेली प्रत आणि चेक झालेली फाइल एकच असायला हवी, म्हणून रिपोर्ट मिळाला त्या दिवशीच त्या फाइलच्या नावात तारीख घाला, एक प्रत स्वतःला ईमेल करा आणि परीक्षकांनी दुरुस्त्या सांगितल्या तर त्या त्याच फाइलमध्ये करा.