१, २, ४, ८, १६ आणि त्यापुढे

शिष्यवृत्ती परीक्षेचा पेपर देऊन मुले शाळेच्या फाटकाबाहेर आली की संख्यामालिकांवरून वाद होतोच. ‘तुझं काय आलं?’ या प्रश्नाने त्याची सुरुवात होते, उत्तरे जुळत नाहीत, आणि मग वर्गातल्या हुशार मुलाचे उत्तर बरोबर धरून बाकीचे आपापले गुण कापू लागतात. हे उत्तर कसे काढलेस, असे मात्र फारसे कोणी विचारत नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण या प्रश्नांतले सगळे गणित त्या ‘कसे’मध्येच असते.

१, २, ४, ८, १६ ही मालिका घेऊ. प्रत्येक पद आधीच्या पदाच्या दुप्पट आहे, म्हणून पुढचे पद ३२, असे बहुतेक मुले सांगतील. समजा, एका मुलीने त्याऐवजी फरकांची रीत वापरली. लगतच्या पदांतील फरक तिने खालच्या ओळीत मांडले : १, २, ४, ८. त्यांचे फरक १, २, ४. पुन्हा फरक काढले तर १, २. आणि तळाशी उरला एकटा १. हा शेवटचा फरक कायम राहतो असे धरून ती बेरजा करत वर आली : १ आणि २ मिळून ३, ३ आणि ४ मिळून ७, ७ आणि ८ मिळून १५, १५ आणि १६ मिळून ३१. तिच्या बेरजेत कुठेही चूक नाही. याच रीतीने २, ६, १२, २०, ३० या मालिकेचे पुढचे पद ४२ येते आणि ते सर्वांना मान्य असते. फरक इतकाच, की तिथे दुसऱ्या फरकांच्या ओळीत २, २, २ असे तीन वेळा तेच दिसते. इथे तळाशी एकच संख्या असल्यामुळे ती कायम राहते हे केवळ गृहीत धरावे लागते. परीक्षेत ३२ हेच उत्तर धरले जाईल, कारण दुपटीचा नियम सर्वांत साधा आहे आणि तो चार वेळा पडताळून दिसतो.

तरीही ३१ हे उत्तर कृत्रिम नाही. एक मोठे वर्तुळ काढा, त्याच्या परिघावर बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदू इतर सर्व बिंदूंना सरळ रेषेने जोडा. एका बिंदूला वर्तुळाचा भाग एकच, दोन बिंदूंना २, तीन बिंदूंना ४, चार बिंदूंना ८ आणि पाच बिंदूंना १६ भाग होतात. इथवर आलेला कोणीही सहा बिंदूंसाठी न मोजताच ३२ लिहील, पण मोजल्यावर भाग भरतात ३१. त्याचे कारणही सोपे आहे : प्रत्येक नवी जीवा एक भाग वाढवते आणि आधीच्या जीवांना ती जितक्या ठिकाणी छेदते तितके भाग आणखी वाढतात. सहा बिंदूंच्या जीवा १५ आणि छेदनबिंदूही १५, म्हणून मूळचा एक धरून ३१. फक्त बिंदू सारख्या अंतरावर घेऊ नयेत. तसे घेतल्यास तीन जीवा केंद्रात एकत्र येतात, मधला इवलासा त्रिकोण नाहीसा होतो आणि भाग ३० च उरतात.

तिसरे उत्तर देवळालीचे आहे. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) ६१७४ या स्थिरांकामुळे जगभर ओळखले जातात. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून पुढची संख्या काढायची, अशा मालिकांचाही त्यांनी अभ्यास केला. १ मध्ये १ मिळवून २, २ मध्ये २ मिळवून ४, मग ८, मग १६. आणि १६ मध्ये १ व ६ मिळवले की २३. त्यापुढे २८, ३८, ४९, ६२. पहिली पाच पदे अगदी तीच, आणि सहावे मात्र ३२ नाही व ३१ ही नाही.

खरे तर पाचच पदे दिली असतील, तर पुढे कोणतीही संख्या ठेवून सहाही पदांना लागू पडणारे सूत्र बनवता येते. म्हणून पर्यायांत ३१ आणि ३२ दोन्ही असतील, तर दोष प्रश्नाचा मानावा आणि फाटकापाशी भांडणाऱ्या दोघांनाही आपापला नियम मोठ्याने सांगू द्यावा.

कापरेकरांच्या नियमाने जी संख्या कोणत्याच संख्येपासून मिळत नाही, तिला स्वयंभू संख्या म्हणतात. देवळाली संख्या असेही तिचे एक नाव आहे. ३२ ही संख्या २५ पासून मिळते, कारण २५ मध्ये २ आणि ५ मिळवले की ३२ होतात. ३१ मात्र स्वयंभू आहे. १६ पासून निघा किंवा दुसऱ्या कुठल्याही संख्येपासून, त्या वाटेवर ३१ कधीच लागत नाही.