मताई पद्धत (सामोआ)

सामोआ या पॅसिफिक महासागरातील बेटदेशातील पारंपरिक नेतृत्वव्यवस्था. आइगा म्हणजे विस्तारित कुटुंब. त्याच्या, मानाची पदवी (किताब) धारण करणाऱ्या प्रमुखाला मताई म्हणतात. पदवी बापाकडून आपोआप मुलाकडे जात नाही. कुटुंबाच्या सर्व शाखा एकत्र बसून, शक्यतो एकमताने, माणूस निवडतात. मुलीच्या वंशातले लोक आणि स्त्रियाही पात्र असतात. तरी बहुतेक मताई पुरुषच आहेत आणि काही गावे स्त्रीला पदवी देतच नाहीत. निवडताना कुळाबरोबर ताउतुआ, म्हणजे सेवा, पाहिली जाते: आधीच्या मताईसाठी कसलेली शेती, मासेमारी, रांधणे आणि हल्ली न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातून पाठवलेला पैसा.

पदग्रहणाच्या विधीला साओफाई म्हणतात. त्यात आवा (मिरीच्या कुळातील झुडपाच्या मुळांचे पेय) दिला जातो, भाषणे होतात आणि कुटुंब गावाला तलम चटया, डुकरे व रोकड देते. शाखांमध्ये वाद असेल तर प्रकरण जमीन व पदवी न्यायालयात जाते. या न्यायालयाचे मूळ जर्मन राजवटीतील 1903 च्या आयोगात आहे.

मताई मुख्यतः दोन प्रकारचे: आलिई (उच्च प्रमुख) आणि तुलाफाले (वक्ता). सभागृह लंबगोल असते. प्रत्येकाचा खांब ठरलेला: गोलाकार टोकांशी आलिई, समोरच्या लांब बाजूला तुलाफाले, मागे आवा तयार करणारे. बाहेरच्या मोठ्या सभेत वक्ता उभा राहून बोलतो, हातात काठी आणि खांद्यावर नारळाच्या काथ्याची चवरी. आवाचे पेले मानाच्या क्रमाने जातात. क्रम चुकला तर तो सरळ अपमान समजला जातो. पेला कोणाला, हे पुकारणाऱ्याला म्हणूनच सगळ्यांचे मानपान पाठ असावे लागतात.

गावच्या मताईंची सभा म्हणजे फोनो. दंड डुकरे, चटया किंवा डबाबंद मासळीच्या खोक्यांत ठरतो. सर्वांत कडक शिक्षा गावाबाहेर काढण्याची. 1990 च्या कायद्याने फोनोच्या अधिकारांना मान्यता दिली, पण नव्या पंथाच्या लोकांवर केलेली अशी कारवाई न्यायालयांनी धर्मस्वातंत्र्याच्या आधारे अडवलेली आहे. देशातील सुमारे 80 टक्के जमीन पारंपरिक मालकीची आहे. तिचा वापर मताई ठरवतो, विकू मात्र शकत नाही.

1962 मध्ये स्वातंत्र्य मिळाले तेव्हा संसदेच्या बहुतेक जागांसाठी मतदानाचा हक्क फक्त मताईंना होता. परिणाम व्हायचा तोच झाला: मतांसाठी पदव्या वाटल्या गेल्या, एकच पदवी अनेकांत विभागली गेली. अशांना ‘मताई पालोता’, म्हणजे मतपेटीचे मताई, म्हणत. 1990 च्या सार्वमतानंतर 21 वर्षांवरील सर्वांना मत मिळाले. उमेदवार मात्र आजही मताईच लागतो. त्याने गावाला मोनोतागा, म्हणजे ठरलेले योगदान, दिलेले असावे अशीही अट आहे, आणि निवडणूक याचिकांत या अटीवरूनही वाद पेटतो.