जेलीफिश : जातींची ओळख व वर्गीकरण

जेलीफिश हा मासा नव्हे. दंशपेशी असलेल्या निडारिया संघातला हा अपृष्ठवंशीय प्राणी. शरीरात सुमारे ९५ टक्के पाणी, हाडे नाहीत, मेंदू नाही. खान्देशाला समुद्र नाही, पण मुलताईला उगम पावलेली तापी भुसावळ, प्रकाशा करत डुमसजवळ खंभातच्या आखाताला मिळते. कामधंद्यासाठी सुरतेत स्थायिक झालेली असंख्य खान्देशी कुटुंबे सुटीच्या दिवशी त्याच डुमसच्या किनाऱ्यावर फिरायला जातात.

जळगाव-धुळ्याकडच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला जेलीफिश सहसा प्रथम दिसतो तो प्रयोगशाळेतल्या बरणीत. फॉर्मालिन या नमुने टिकवणाऱ्या द्रावणातला ऑरेलिया नावाचा जेलीफिश पांढुरका पडून आकसलेला असतो, काठाच्या बारीक स्पर्शिका (धाग्यांसारखे अवयव) झडलेल्या असतात. तरी मधोमध नालेच्या आकाराच्या चार जननग्रंथी स्पष्ट दिसतात आणि तेवढ्यावर प्रात्यक्षिकात नाव लिहिता येते. आखातात तेवढ्याने भागत नाही. रंग आणि आकारमान वय व खाद्याप्रमाणे बदलतात, म्हणून त्यांवर विसंबू नये. छत्रीची, म्हणजे छत्रीसारख्या शरीराची, खालची बाजू पाहावी.

काठाला स्पर्शिका आणि तोंडाभोवती झालरीसारखे चार मुखबाहू असतील तर प्राणी सेमिओस्टोमी गणातला. ऑरेलिया, क्रायसाओरा, सायनिया याच गणातले. काठाला एकही स्पर्शिका नाही, मुखबाहू आठ व जाडजूड, आणि एका तोंडाऐवजी असंख्य सूक्ष्म छिद्रे, असे दिसल्यास रायझोस्टोमी. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचे रोपिलेमा आणि क्रॅम्बिओनेला या गणात येतात. हे दोन्ही गण सायफोझोआ वर्गातले. छत्री चौकोनी आणि स्पर्शिका फक्त चार कोपऱ्यांतून निघालेल्या असतील तर तो क्युबोझोआ, म्हणजे पेटी जेलीफिश. त्याला २४ डोळे असतात आणि त्याच्या काही जातींचा दंश जीवघेणा ठरतो. छत्रीच्या आत काठालगत पातळ पडदा दिसला की हायड्रोझोआ वर्गाकडे वळावे.

पावसाळ्यात मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर येणारी निळी ‘ब्लू बॉटल’ म्हणजे फिझालिया. तीही हायड्रोझोआतलीच, पण एकच प्राणी नसून अनेक जीवांची वसाहत. वर हवेची पिशवी, खाली लांबलचक दंशधागे. वाळूत पडून मेल्यासारखी दिसली तरी तिचे धागे डंख मारतात. मुलांना हे आवर्जून सांगावे. ओळख चुकली की उपचारही चुकतो : ऑस्ट्रेलियात पेटी जेलीफिशच्या दंशावर व्हिनेगर ओततात, ब्लू बॉटलच्या दंशावर मात्र सोसवेल इतके गरम पाणी वापरतात. चोळायचे कोणत्याच दंशावर नाही.

केशपट्टिकांच्या (सूक्ष्म केसांच्या पट्ट्यांच्या) आठ रांगा लुकलुकवत पोहणारे टेनोफोर जेलीफिशसारखे दिसतात, पण त्यांचा संघच वेगळा.

नमुना जिवंत असतानाच काळ्या पार्श्वभूमीवर, शेजारी मोजपट्टी ठेवून, वरून व खालून त्याची छायाचित्रे घ्यावीत. शरीर समुद्राच्या पाण्यात कालवलेल्या सौम्य फॉर्मालिनमध्ये ठेवावे. डीएनएसाठी मात्र एक तुकडा आधीच अल्कोहोलमध्ये काढून ठेवावा, कारण फॉर्मालिन डीएनए बिघडवते. ही काळजी फुकट जात नाही. एकच जात समजली जाणारी ऑरेलिया ऑरिटा ही प्रत्यक्षात अनेक जातींचा समूह असल्याचे डीएनएनेच दाखवले.

खान्देशाला अधिक जवळचा विषय गोड्या पाण्यातल्या जेलीफिशचा. कृष्णेच्या खोऱ्यातल्या सह्याद्रीच्या नद्यांतून लिम्नोक्निडा इंडिका ही जात प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनंडेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शास्त्राला कळवली. मूळची चीनमधली क्रॅस्पेडाकुस्टा सोवर्बी आज जगभरच्या तळ्यांत व धरणांत पसरली आहे. तिचे पहिले वर्णन १८८० मध्ये लंडनच्या एका उद्यानातल्या कमळांच्या हौदातून झाले. गिरणा, हतनूर वा वाघूर धरणाच्या संथ पाण्यात रुपयाच्या नाण्याएवढी पारदर्शक छत्री तरंगताना आढळली, तर जननग्रंथी कुठे आहेत ते भिंगातून पाहावे. छत्रीतल्या चार अरीय (मध्यापासून काठाकडे जाणाऱ्या) नलिकांना त्या लोंबत असतील तर क्रॅस्पेडाकुस्टा. छत्रीखाली मधोमध असलेल्या, रुंद तोंडाच्या आखूड मुखनलिकेच्या भिंतीतच असतील तर लिम्नोक्निडा.